क्यूबिटची हाक परत येते तेव्हा

मी यवतमाळ जिल्ह्यातला. गावी गेलो की चुलतभाऊ हमखास विचारतो, "दादा, क्वांटमवाला मोबाईल कधी येईन?" मी म्हणतो, आधी गळती थांबू दे!

गळती कसली, ते बघू. ऑगस्ट २०२४ मध्ये डीआरडीओची पुण्यातली प्रयोगशाळा आणि मुंबईची टीआयएफआर यांनी ६ क्यूबिटच्या प्रोसेसरची चाचणी पूर्ण केली. असे क्यूबिट प्रचंड थंड ठेवावे लागतात. तरीही वायर, चिपमधले बारीक दोष यांच्याशी त्यांचा संबंध येतोच आणि त्यांच्यातली माहिती बाहेर गळते. बाहेरच्या जगापासून पूर्ण तुटलेला नसलेला क्यूबिट म्हणजे 'खुली क्वांटम प्रणाली'.

आता वावरात उभं राहून हाक मारा. आवाज गेला तो गेला. गळतीचं सगळ्यात सोपं गणित असंच आहे: गेलेली माहिती परत येत नाही, आजूबाजूला काही लक्षात राहत नाही. याला 'मार्कोव्हियन' म्हणतात. त्याचं समीकरण १९७६ मध्ये गोरिनी, कोसाकोव्स्की, सुदर्शन या तिघांनी आणि वेगळेपणाने लिंडब्लाड यांनी मांडलं. यातले सुदर्शन म्हणजे आपले ई. सी. जी. सुदर्शन. तरुणपणी ते टीआयएफआरमध्येच होते.

पण हाक विहिरीत वाकून मारली तर? आवाज घुमून परत येतो. क्यूबिटचंही कधीकधी असंच होतं. फरक एवढाच की इथे आवाज नाही, माहिती परतते. म्हणजे आजूबाजूला स्मृती आहे. हे 'नॉन-मार्कोव्हियन' वर्तन.

ते ओळखायचं कसं? २००९ मध्ये ब्रॉयर, लाइने आणि पिइलो यांनी एक कसोटी दिली. क्यूबिटच्या दोन वेगळ्या अवस्था घ्या. गळती झाली की त्या एकसारख्या दिसू लागतात. मध्येच त्यांच्यातला फरक पुन्हा वाढला, तर माहिती परत आली समजा.

याचा त्रास काय? आत्ताची चूक मागच्या चुकीशी जोडलेली असू शकते. प्रत्येक चूक स्वतंत्र धरून चुका दुरुस्त करायला गेलं तर हिशेब फसतो.

आणि फायदा? अर्विन हान यांनी १९५० मध्ये दाखवलेला 'स्पिन एको'. गडबड सावकाश बदलणारी असेल, तर मध्यावर क्यूबिट उलटा करायचा. पहिल्या अर्ध्यातलं नुकसान दुसऱ्या अर्ध्यात भरून निघतं. गडबड क्षणाक्षणाला नवी असेल, तर ही युक्ती चालत नाही.

म्हणून भावाला आता एवढंच सांगतो: गळती मोजून भागत नाही, ती वावरातली आहे की विहिरीतली, हेही बघावं लागतं.