हार्डवेअर इंटरप्ट

हार्डवेअर इंटरप्ट म्हणजे संगणकातील एखाद्या उपकरणाने प्रोसेसरचे लक्ष वेधण्यासाठी पाठवलेला संकेत होय. कळफलकावरील कळ दाबली गेल्यास किंवा नेटवर्क कार्डावर नवी माहिती आल्यास असा संकेत पाठवला जातो. ही सोय नसल्यास प्रोसेसरला प्रत्येक उपकरणाची वारंवार विचारपूस करावी लागते. या पद्धतीस पोलिंग म्हणतात.

कार्यपद्धती

संकेत मिळाल्यावर प्रोसेसर सामान्यतः चालू सूचना पूर्ण करतो, पुढील सूचनेचा पत्ता जतन करतो आणि संकेताच्या क्रमांकावरून एका कोष्टकात हँडलरचा, म्हणजे तो संकेत हाताळणाऱ्या उपक्रमाचा, पत्ता शोधतो. एक्स८६ प्रोसेसरांच्या कोष्टकात २५६ नोंदी असतात. त्यांपैकी पहिल्या ३२ राखीव आहेत. हँडलर संपल्यावर थांबलेले काम पुढे सुरू होते. हँडलर लांबल्यास इतर संकेत खोळंबतात. म्हणून लिनक्समध्ये तातडीचा भाग लगेच उरकून उर्वरित काम नंतर केले जाते.

एकप्रोसेसर प्रणाली

१९८४ मधील आयबीएम पीसी एटी या संगणकात प्रत्येकी ८ वाहिन्यांचे दोन इंटरप्ट नियंत्रक होते. दुसरा नियंत्रक पहिल्याच्या एका वाहिनीला जोडलेला असल्यामुळे १५ वाहिन्या वापरासाठी उरत.

समजा, मुख्य उपक्रमाने मोजणीचा ५ हा आकडा वाचला; तो वाढवून लिहिण्यापूर्वीच इंटरप्ट आला आणि हँडलरने तेथे ६ लिहिले. नंतर मुख्य उपक्रमही ६ च लिहितो व एक नोंद हरवते. एकच प्रोसेसर असल्यास तेवढा वेळ इंटरप्ट बंद ठेवून ही चूक टाळता येते.

बहुप्रोसेसर प्रणाली

अनेक प्रोसेसर असल्यास संकेत कोणाकडे पाठवायचा हेही ठरवावे लागते. एक्स८६ संगणकांत त्यासाठी प्रत्येक प्रोसेसरला स्थानिक नियंत्रक असतो आणि उपकरणांचे संकेत वाटणारा नियंत्रक वेगळा असतो. सर्व संकेत एकाच प्रोसेसरकडे गेल्यास त्याच्यावर भार पडतो. ते सतत फिरवत राहिल्यास कॅशे स्मृतीचा लाभ घटतो. प्रोसेसर एकमेकांनाही इंटरप्ट पाठवू शकतात.

येथे इंटरप्ट बंद करण्याचा परिणाम केवळ त्याच प्रोसेसरपुरता असतो; दुसरा प्रोसेसर तीच माहिती बदलू शकतो. त्यामुळे स्पिनलॉक हे कुलूप वापरतात. कुलूप मिळेपर्यंत दुसरा प्रोसेसर वाट पाहत राहतो. मात्र कुलूप घेतलेल्या प्रोसेसरवरच इंटरप्ट येऊन हँडलरने तेच कुलूप मागितले, तर ते कधीच सुटत नाही आणि प्रणाली अडकून पडते. म्हणून हँडलरही वापरत असलेल्या माहितीसाठी स्थानिक इंटरप्ट बंद करणे आणि कुलूप घेणे, या दोन्ही गोष्टी आवश्यक ठरतात.