प्रोजेक्टर तुमचा, हुकूम कंपनीचा!

अमेरिकेत डिसेंबर १९०८ मध्ये एडिसन, बायोग्राफ, व्हायटाग्राफ वगैरे सिनेमा कंपन्यांनी कॅमेरा-प्रोजेक्टरची आपापली पेटंटं एकत्र करून 'मोशन पिक्चर पेटंट्स कंपनी' काढली. थिएटरवाल्यांना दर आठवड्याला २ डॉलर परवाना शुल्क भरावं लागे. प्रोजेक्टर आधीच रोख पैसे मोजून घेतलेला असला तरीही! फिल्म विकत मिळतच नसे. ती भाडेपट्ट्याने घ्यायची आणि मुदत संपली की परत करायची. कच्ची फिल्म बनवणारी ईस्टमन कोडॅकही सुरुवातीला याच गोटात, त्यामुळे बाहेरच्या निर्मात्यांची चांगलीच कोंडी झाली.

मला सगळ्यात भारी वाटते ती प्रोजेक्टरवर ठोकलेली पाटी. तिच्यावर चक्क बजावलेलं असे की, या यंत्रावर आमच्या परवान्याच्याच फिल्म चालवायच्या. पाटी काढली किंवा खराब केली तर यंत्र वापरण्याचा हक्क संपला. म्हणजे घर विकत घ्यायचं आणि पाहुणे कोण येणार हे बिल्डरने ठरवायचं!

कार्ल लेमली आणि विल्यम फॉक्स या फिल्म वितरकांनी मात्र मान तुकवली नाही. लेमलींनी परवाना सोडून १९०९ मध्ये स्वतःच सिनेमे काढायला घेतले. १९१५ मध्ये फेडरल कोर्टाने या टोळीचे व्यवहार मक्तेदारीविरोधी कायद्याखाली बेकायदा ठरवले. १९१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या पाटीवरची अटही रद्द केली. त्या खटल्यात पेटंट्स कंपनीसमोर उभी होती लेमलींचीच सिनेमा कंपनी, युनिव्हर्सल.