आलापल्ली ते भामरागड

गेल्या माघांत तांबडें फुटतांच आम्ही दोघे मित्र सायकलींवरून आलापल्लीहून निघालों. भामरागड तेथून सुमारें ६५ किलोमीटर. दोहों बाजूंस सागाचें उंच रान. मोटारींतून जें एक हिरवी रेघ होऊन सरतें, तें सायकलीवर झाडागणिक भेटतें. पेरमिली मागें पडली आणि चढउतारांनीं दम काढला. त्यांतच एक चाक पंक्चर झालें. ठिगळ लावण्याचें सामान मात्र मुक्कामींच राहिलेलें! भर उन्हांत दोन कोस सायकली ढकलल्या. वाटेंत एका माडिया म्हाताऱ्यानें, भाषा न कळतांही, आमची तहान ओळखली व आपल्या तुंब्यांतील पाणी पाजलें.

चाक दुरुस्त करून हेमलकसा गांठावयास दिवेलागण झाली. येथें १९७३ सालीं बाबा आमटे यांनीं लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हां आजाऱ्यांना त्यांचे आप्त खाटेवर घालून रानावनांतून दवाखान्यांत आणीत. हें आठवलें, आणि आपले पाय दुखतात असें बोलून दाखविण्याची आम्हांस लाज वाटली.

दुसरे दिवशीं भामरागडास इंद्रावती, पर्लकोटा व पामुलगौतमी यांचा संगम पाहिला. परंतु या प्रवासाचें स्मरण होतांच डोळ्यांपुढें प्रथम येतो, तो तो तुंबा.