बार्बरा जॉर्डन

बार्बरा चार्लीन जॉर्डन (२१ फेब्रुवारी १९३६ – १७ जानेवारी १९९६) या अमेरिकेतील वकील व डेमोक्रॅटिक पक्षाच्या राजकारणी होत्या. १९६७ ते १९७३ या काळात त्या टेक्सास राज्याच्या सिनेटच्या सदस्य होत्या. या सभागृहात निवडून आलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला होत.

प्रारंभिक जीवन व वकिली

जॉर्डन यांचा जन्म ह्यूस्टन शहरातील फिफ्थ वॉर्ड या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत झाला. वडील बेंजामिन हे बाप्टिस्ट धर्मोपदेशक होते. त्या काळी ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात कृष्णवर्णीयांना पदवीपूर्व वर्गांत प्रवेश नव्हता; त्यामुळे त्यांनी टेक्सास सदर्न विद्यापीठातून १९५६ मध्ये पदवी घेतली. तेथे वादविवादपटू म्हणून त्यांचा लौकिक होता. १९५९ मध्ये बोस्टन विद्यापीठातून कायद्याची पदवी मिळवल्यानंतर त्यांनी वर्षभर टस्कीगी येथे अध्यापन केले. पुढे ह्यूस्टनला परतून आई-वडिलांच्या घरातूनच त्यांनी वकिली सुरू केली.

राज्य सिनेट

१९६२ व १९६४ मध्ये जॉर्डन यांनी राज्याच्या प्रतिनिधिगृहाची निवडणूक लढवली. दोन्ही वेळा त्या पराभूत झाल्या. या निवडणुकांत संपूर्ण हॅरिस काउंटीतून मतदान होत असे. त्यामुळे कृष्णवर्णीयांची मते बहुसंख्य गौरवर्णीय मतांपुढे अपुरी पडत. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘रेनॉल्ड्स विरुद्ध सिम्स’ खटल्यात राज्य विधिमंडळाचे मतदारसंघ लोकसंख्येच्या समप्रमाणात असावेत, असा निर्णय दिला. त्यानंतर टेक्सासमध्ये मतदारसंघांची पुनर्रचना झाली आणि १९६६ मध्ये नव्या मतदारसंघातून जॉर्डन विजयी झाल्या. १८८३ नंतर सिनेटमध्ये आलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय होत. ३१ सदस्यांच्या सभागृहात त्या एकमेव महिला होत्या.

शेतमजूर, घरकामगार अशा दुर्लक्षित श्रमिकांना किमान वेतनाच्या कक्षेत आणण्यासाठी त्यांनी प्रयत्न केले. मतदारनोंदणीवर निर्बंध आणू पाहणारे विधेयक त्यांनी सहकारी सदस्यांच्या साहाय्याने रोखले. मार्च १९७२ मध्ये त्या सिनेटच्या हंगामी अध्यक्ष झाल्या. तेथील प्रथेनुसार १० जून १९७२ रोजी त्यांनी एक दिवस राज्यपालपद सांभाळले. या समारंभाला आलेले त्यांचे वडील त्याच दिवशी अत्यवस्थ झाले व दुसऱ्या दिवशी निधन पावले.

काँग्रेस व उत्तरायुष्य

१९७२ मध्ये त्या अमेरिकी काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आल्या. २५ जुलै १९७४ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या महाभियोगावर न्यायविषयक समितीत त्यांनी केलेले भाषण देशभर गाजले. मूळ संविधानातील ‘जनता’ या शब्दात आपल्यासारख्यांचा समावेश नव्हता. घटनादुरुस्त्या व न्यायालयीन निर्णयांनी तो झाला, असे प्रतिपादन करून त्याच संविधानावर त्यांनी पूर्ण निष्ठा व्यक्त केली. १९७५ मध्ये मतदान हक्क कायद्याचे संरक्षण टेक्सास राज्याला व स्पॅनिश भाषकांसह अन्य भाषिक अल्पसंख्याकांना मिळवून देण्यात त्यांचा पुढाकार होता.

१९७९ मध्ये काँग्रेसमधून निवृत्त होऊन त्या टेक्सास विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. मल्टिपल स्क्लेरोसिस या व्याधीमुळे पुढे त्यांना चाकांची खुर्ची वापरावी लागली. १९९४ मध्ये त्यांना ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ हा सन्मान मिळाला. १९९६ मध्ये ऑस्टिन येथे त्यांचे निधन झाले. टेक्सास राज्य दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.