नाव गरुडाचं, घरटं गिधाडाचं : टाकेदचा जटायू आणि अंजनेरीचा कडा

नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाताना वाटेत अंजनेरीचा डोंगर लागतो. हनुमानाचं जन्मस्थान म्हणून तो सगळ्यांना ठाऊक आहे. या डोंगराचे कडे नीट न्याहाळले तर काळ्या कातळावर मधूनच पांढरे ओघळ दिसतात. चुन्याची बादली वरून सांडावी तसे. ही गिधाडांची शिट. ओघळ जिथून सुरू होतो, तिथं वर कपारीत गिधाडांची बसायची जागा असते आणि बहुतेक वेळा घरटंही असतं.

उंच कड्यावरचं घरटं म्हटलं की आपल्या तोंडी मात्र गरुडाचंच नाव येतं. गिधाडाचं घरटं कुणी कौतुकानं सांगत नाही. हा फरक नुसता बोलण्यापुरता असता तर सोडून दिला असता. पण ज्याला आपण शिवी म्हणून वापरतो, त्याचं घरटं मोडलं तरी कुणाला वाईट वाटत नाही. म्हणून आधी नावाचं बघू, मग घरट्याचं.

मान सगळा गरुडाला

पुणे जिल्ह्यातला तोरणा किल्ला आजही 'गरुडाचं घरटं' म्हणून ओळखला जातो. सिंहगड सिंहाची गुहा असेल तर तोरणा गरुडाचं घरटं आहे, अशी तुलना एकोणिसाव्या शतकात जेम्स डग्लस या ब्रिटिश लेखकानं केली. ती मराठी माणसाला इतकी आवडली, की गडावर जाणारा प्रत्येक ट्रेकर आता ती सांगतो. समुद्रसपाटीपासून सुमारे 1400 मीटर उंच, चारही बाजूंनी तुटलेले कडे आणि वर जायला अवघड वाट. नाव चपखल बसलंय, यात वाद नाही.

हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. इंग्रजीत शिकारी पक्ष्याच्या उंचावरच्या घरट्याला 'आयरी' असा वेगळाच शब्द आहे. 'गेम ऑफ थ्रोन्स' या गाजलेल्या मालिकेत डोंगराच्या टोकावरच्या अजिंक्य किल्ल्याचं नाव हेच आहे. जर्मनीत आल्प्स पर्वताच्या एका सुळक्यावर हिटलरसाठी 1938 साली बांधून झालेलं घर जगभर 'ईगल्स नेस्ट' म्हणजे गरुडाचं घरटं म्हणूनच ओळखलं जातं. उंच, अवघड, शत्रूच्या हाती न लागणारी जागा दिसली, की माणसाला गरुड आठवतो.

आपल्या रोजच्या बोलण्यातही तसंच. महाराजांची आग्र्याहून सुटका म्हणजे गरुडझेप. दहावीत पोरगी पहिली आली की बातमीचा मथळा 'गरुडभरारी'. आणि गिधाड? जमीन लाटणारे, सावकार, दलाल यांना आपण गिधाडं म्हणतो. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा माणूस दाखवायचा तर गिधाडच आठवतं. विजय तेंडुलकरांचं 1970 साली रंगभूमीवर आलेलं 'गिधाडे' हे नाटक संपत्तीसाठी एकमेकांचे लचके तोडणाऱ्या कुटुंबाचं आहे. नाव ऐकताच प्रेक्षकाला कळतं, आत काय असणार ते.

जटायू कोण होता?

आता इगतपुरी तालुक्यातल्या सर्वतीर्थ टाकेदला चला. महाशिवरात्रीला इथं मोठी यात्रा भरते. रावण सीतामाईला घेऊन चालला असताना जटायूनं त्याला अडवलं, पंख तुटून तो खाली पडला, ती हीच जागा अशी इथली श्रद्धा. मरणाच्या दारात असलेल्या जटायूला पाणी पाजण्यासाठी रामानं बाण मारला आणि सगळ्या तीर्थांचं पाणी इथं आलं, म्हणून नाव सर्वतीर्थ.

दर्शनाला जाणाऱ्या किती जणांच्या लक्षात येतं, की जटायू गिधाड आहे? वाल्मीकी रामायणात त्याला गृध्रराज म्हटलंय. गृध्र म्हणजे गिधाड. पुराणातलं नातं बघितलं तर गंमतच आहे. जटायू हा अरुणाचा मुलगा आणि अरुण हा गरुडाचा थोरला भाऊ. म्हणजे ज्या गरुडाच्या नावानं आपण किल्ले मिरवतो, त्याचाच हा सख्खा पुतण्या. एका बाईची अब्रू वाचवायला जीव देणारा पक्षी देवळात पूजला जातो आणि देवळाबाहेर त्याच्याच नावानं शिवी दिली जाते.

कोण कुठं घरटं करतं?

शिकारी पक्षी म्हणजे उंच कडा, हे समीकरणही पूर्ण खरं नाही. आपल्याच जिल्ह्यात बघा.

निफाड, सिन्नरच्या मळ्यांत विजेच्या तारेवर पांढरी-राखाडी, लाल डोळ्यांची कापशी घार बसलेली दिसते. ती बांधावरच्या बाभळीवर काटक्यांचं छोटं घरटं करते. तिचं मुख्य खाणं उंदीर. बांधावरची बाभूळ ठेवली तर उंदीर मारणारी घार फुकटात मिळते. शिकरा गावातल्या आंब्यावर, लिंबावर कावळ्यासारखं विस्कटलेलं घरटं करतो. आपली नेहमीची घार मोठ्या झाडावर, तर आता मोबाइलच्या टॉवरवरही घरटं बांधते आणि आत चिंध्या, कागद, प्लास्टिक, जे मिळेल ते अंथरते. शाहीन ससाणा घरटंच बांधत नाही. कड्याच्या उघड्या कपारीत तसाच अंडी घालतो. नांदूर मध्यमेश्वरला हिवाळ्यात येणारे हॅरियर जातीचे शिकारी पक्षी तर त्यांच्या उत्तरेकडच्या मुलखात चक्क जमिनीवर, गवतात घरटं करतात.

या सगळ्यांत खऱ्या अर्थानं कड्यावर संसार थाटणारा पक्षी म्हणजे लांब चोचीचं गिधाड. अंजनेरीला आहे ते हेच. त्याचा भाऊबंद पांढऱ्या पाठीचं गिधाड उंच झाडावर घरटं करतं.

कपारीतला संसार

गिधाडाला उंची लागते ती मिरवायला नाही. लांब चोचीच्या गिधाडाचं वजन साधारण साडेपाच-सहा किलो आणि पसरलेले पंख दोन मीटरच्या वर. एवढं धूड जमिनीवरून उठवायचं तर धावपळ करावी लागते. कड्यावरून मात्र नुसते पंख उघडून झोकून दिलं की झालं. ऊन तापलं की कातळावरून गरम हवा वर उठते. तिच्यावर स्वार होऊन गिधाड पंख न हलवता तासन् तास घिरट्या घालतं. म्हणूनच ते भल्या सकाळी उडत नाही, ऊन चढायची वाट बघत कपारीत बसून राहतं.

घरटं म्हणजे काटक्यांचा थर आणि वर हिरवा पाला. तीच कपार, तेच घरटं वर्षानुवर्षं वापरलं जातं. दिवाळीच्या आगेमागे जोड्या घरट्याच्या कामाला लागतात. मादी वर्षाला एकच अंडं घालते. नर आणि मादी दोघंही आळीपाळीनं सुमारे 50 दिवस ते उबवतात. पिल्लू बाहेर आलं की त्याला उडायला आणखी तीन-चार महिने लागतात. म्हणजे हिवाळा सुरू झाल्यापासून उन्हाळा तापेपर्यंतचा सगळा काळ एका पिल्लापायी जातो. आणि ते पिल्लू स्वतः अंडं घालण्याच्या वयाचं व्हायला पाचेक वर्षं.

हिशेब सोपा आहे. कोंबडीचं एक अंडं फुटलं तर दुसऱ्या दिवशी दुसरं मिळतं. गिधाडाचं अंडं गेलं तर बहुतेक वेळा त्या जोडीचं अख्खं वर्ष गेलं.

अंजनेरीवर हनुमान जयंतीला मोठी गर्दी होते. ती येते चैत्र पौर्णिमेला, म्हणजे नेमकं कपारीत पिल्लू असतं तेव्हा. भाविकांनी येऊ नये असं कुणीच म्हणत नाही. वाट वेगळी, कपार वेगळी. पण फटाके, कर्णे, कड्याजवळ उडवलेला ड्रोन, दोर लावून कड्यावरून उतरण्याचे खेळ, यानं बिथरलेलं गिधाड घरटं सोडून उडतं आणि उघडं पडलेलं पिल्लू उन्हानं किंवा कावळ्यांमुळे मरू शकतं. अंजनेरीला 2017 साली संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, त्यामागे तिथल्या दुर्मीळ वनस्पतींबरोबर ही गिधाडंही आहेत. डोंगरावर रस्त्याची किंवा रोप-वेची चर्चा निघाली, की पक्षिमित्र हरकत घेतात ती याचसाठी.

कपारी रिकाम्या का झाल्या?

आपल्या आजी-आजोबांना विचारा. गावाबाहेर ढोर टाकलं की तासाभरात आभाळातून गिधाडं उतरायची आणि संध्याकाळपर्यंत नुसती हाडं उरायची. 1990 नंतर हे दृश्य झपाट्यानं नाहीसं झालं. 1992 ते 2007 या काळात देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारातून एक उरली. लांब चोचीची शंभरातून जेमतेम तीन.

कारण सापडायला वेळ लागला. 2004 च्या सुमारास संशोधकांनी ते सिद्ध केलं : डायक्लोफेनॅक. जनावराला ताप आला, सूज आली, दुखणं आलं, की सर्रास दिलं जाणारं स्वस्त औषध. औषध दिल्यावर थोड्याच दिवसांत जनावर दगावलं तर ते मांसात उरतं. ते मांस खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. पक्षी मान खाली टाकून बसून राहतो आणि काही दिवसांत मरतो. एका मढ्यावर पन्नास-शंभर गिधाडं जेवतात. त्यामुळे शंभरातलं एखादं मढं विषारी निघालं, तरी वर्षाला एकच अंडं घालणाऱ्या पक्ष्याला ते भरून काढता येत नाही.

जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर 2006 साली बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या जनावरांना टोचल्या जात होत्या, म्हणून 2015 साली इंजेक्शनची कुपी 3 मिलीपुरती मर्यादित केली गेली. कीटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकही तितकीच घातक निघाली. 2023 साली जनावरांसाठी त्यांच्यावरही बंदी आली आणि त्यानंतर निमेसुलाइडवर.

गिधाडं गेल्याचा फटका माणसालाही बसला. मढी कुजत पडली, त्यांवर भटकी कुत्री पोसली गेली, कुत्र्यांबरोबर रेबीजचा धोका आला, पाणी नासलं. शिवी खाणारा पक्षी गावाची सफाई फुकटात करत होता, हे तो गेल्यावर कळलं.

खोरीपाड्याचा धडा

यातून वाट काढणारं गावही आपल्याच जिल्ह्यात आहे. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हरसूल भागातला खोरीपाडा. वनविभाग आणि गावकऱ्यांनी मिळून इथं गिधाडांसाठी खाण्याची राखीव जागा केली. लोक तिला 'गिधाड रेस्टॉरंट' म्हणतात. नाव ऐकून हसू येतं, पण काम गंभीर आहे. मेलेलं जनावर इकडेतिकडे न टाकता ठरलेल्या जागी टाकायचं, त्याला घातक औषध दिलेलं नाही याची खात्री करायची. लांब चोचीची आणि पांढऱ्या पाठीची, दोन्ही गिधाडं इथं उतरतात. पाड्यावरची मंडळीच राखण करतात. त्यांच्या तोंडी गिधाड ही शिवी राहिलेली नाही, तो गावचा पाहुणा झालाय.

तुम्ही काय करू शकता?

- जनावर आजारी पडलं तर डॉक्टरांना सरळ सांगा, 'गिधाडाला चालणारं औषध द्या.' मेलॉक्सिकॅम आणि टॉल्फेनॅमिक ॲसिड ही गिधाडांसाठी सुरक्षित ठरलेली औषधं आहेत. मेडिकलमधून माणसांचं इंजेक्शन आणून जनावराला टोचू नका.
- औषध चालू असताना जनावर दगावलं तर ते उघड्यावर टाकू नका, पुरा.
- कुत्र्यांचा किंवा बिबट्याचा बंदोबस्त करायचा म्हणून मढ्यावर विष घालू नका. तो गुन्हा आहेच, शिवाय गिधाडांचा अख्खा थवा त्यात जातो.
- बांधावरचं, ओढ्याकाठचं जुनं उंच झाड तोडण्याआधी वर बघा. काटक्यांचं मोठं घरटं असेल तर निदान तो हंगाम जाऊ द्या.
- घरट्याजवळ जाऊन फोटो, रील काढू नका. जागा सोशल मीडियावर टाकू नका.
- पिल्लू खाली पडलेलं किंवा गिधाड जखमी दिसलं तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.

आणि एक लक्षात असू द्या. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रानपक्ष्याची अंडी किंवा घरटं मोडणं हेसुद्धा शिकारीतच धरलं जातं.

तोरण्याला गरुडाचं घरटं म्हणायला हरकत नाही, नाव छानच आहे. फक्त पुढच्या वेळी टाकेदला जटायूपुढं हात जोडाल, तेव्हा परतीच्या वाटेवर एकदा अंजनेरीच्या कड्याकडंही बघा. कातळावर पांढरे ओघळ ताजे दिसले, तर समजा जटायूच्या घरी अजून चूल पेटतेय.