स्टुडिओतून बांधावर : दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्याची वाटचाल

कृषिविस्ताराच्या कार्यात प्रात्यक्षिकाचे मोल किती आहे, हे ग्रामसेवक बंधूंना निराळे सांगावयास नको. बियाण्यास औषध चोळण्याची रीत दहा वेळा तोंडी सांगूनही जे साधत नाही, ते शेतकऱ्याच्या खळ्यात एकदा करून दाखविल्याने साधते. परंतु प्रात्यक्षिक एका वेळी एकाच गावी होते आणि त्याभोवती उभे राहून पाहणारे लोक फार तर वीस-पंचवीस असतात. एकच प्रात्यक्षिक शेकडो गावांना एकाच घटकेस पाहता येईल काय, या विचाराने आपल्या देशात दूरचित्रवाणीकडे प्रथम पाहिले गेले. करमणुकीचे साधन म्हणून तिची ख्याती मागाहून झाली. या साधनाचा इतिहास सांगताना बहुधा कलावंतांची व गाजलेल्या कार्यक्रमांची नावे घेतली जातात. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्यातील महत्त्वाची गोष्ट निराळी आहे : कॅमेरा शेतापर्यंत केव्हा आणि कसा पोहोचला, ही.

चित्राचे तास

लंडन शहरी २६ जानेवारी १९२६ रोजी जॉन लोगी बेअर्ड यांनी रॉयल इन्स्टिट्यूशनच्या सभासदांना आपले यंत्र दाखविले. ते चित्र अवघ्या ३० रेषांचे होते. रेषा म्हणजे काय, हे शेतकऱ्यास सहज समजण्याजोगे आहे. दूरचित्रवाणीचे चित्र एकदम उमटत नाही. नांगराचे तास पडावेत तसे ते रेषारेषांनी काढले जाते. तास जितके जवळजवळ, तितकी नांगरट बारीक. रेषा जितक्या अधिक, तितके चित्र स्पष्ट. मात्र एक भेद आहे. नांगऱ्या बांधावर बैल वळवून तास घालीतच परत येतो. चित्र काढणारा किरण प्रत्येक वेळी रिकामा मागे येऊन त्याच कडेपासून दुसरी रेषा ओढतो.

पुढे २ नोव्हेंबर १९३६ रोजी बी.बी.सी.ने लंडनच्या उत्तर भागातील अलेक्झांड्रा पॅलेस या इमारतीतून नियमित प्रक्षेपण सुरू केले. त्या वेळी दोन पद्धतींची परीक्षा चालू होती व त्या आळीपाळीने वापरल्या जात. बेअर्ड यांची पद्धत २४० रेषांची होती. तीत प्रथम फिल्मवर चित्रण करीत, ती फिल्म तेथेच रसायनात धुऊन काढीत आणि सुमारे मिनिटभरात तिचे प्रक्षेपण करीत. या सगळ्या खटाटोपामुळे तो कॅमेरा जागचा हलू शकत नसे. दुसरी पद्धत मार्कोनी-ई.एम.आय. कंपनीची, ४०५ रेषांची. तिचा ‘एमिट्रॉन’ कॅमेरा संपूर्ण विजेच्या नळीवर चाले, चाकांवर फिरे, आणि केबल पुरेल तेथपर्यंत इमारतीच्या बाहेरही नेता येई. फेब्रुवारी १९३७ पासून हीच पद्धत कायम झाली. या निकालाची कारणे अनेक होती. परंतु जागचा न हलणारा कॅमेरा हे त्यांतील लहान कारण नव्हते.

कॅमेरा बाहेर येताच त्याने काय पाहिले? सी. एच. मिडल्टन नावाचे बागकामतज्ज्ञ त्या काळी रेडिओवर फार लोकप्रिय होते. अलेक्झांड्रा पॅलेसच्या आवारातच जमीन खणून त्यांच्यासाठी एक बाग तयार करण्यात आली आणि प्रक्षेपण सुरू झाले त्याच नोव्हेंबरात ते कॅमेऱ्यासमोर बागकाम सांगू लागले. म्हणजे नियमित दूरचित्रवाणी महिन्याचीही झाली नव्हती, तोच तिच्या पडद्यावर माती आली होती. नाटके व गाणी यांच्या वर्णनात ही गोष्ट सहसा झाकून जाते. अर्थात हे लक्षात ठेवले पाहिजे की, कॅमेरा बागेपर्यंत गेला नाही. बाग कॅमेऱ्याच्या दाराशी आणावी लागली. ही अडचण पुढे बराच काळ राहिली.

स्टुडिओतील ऊन

आरंभीच्या कॅमेऱ्यांना प्रकाश फार लागे. स्टुडिओत दिव्यांचा असा प्रखर मारा करावा लागे की, त्या उष्णतेत बोलणाऱ्याच्या अंगाला घाम सुटे. भाजीची कोवळी रोपे अशा दिव्यांखाली ठेवली असता किती वेळ टवटवीत राहतील, याची कल्पना वाचकांनीच करावी. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील आर.सी.ए. कंपनीने ‘इमेज ऑर्थिकॉन’ नावाची नळी वापरून कॅमेरे तयार केले. ही नळी कितीतरी कमी प्रकाशात काम करी; त्यामुळे पुढील सुमारे वीस वर्षे जगातील बहुतेक मोठ्या स्टुडिओंत तिचेच राज्य होते.

त्या कॅमेऱ्याची रचना समजून घेतली म्हणजे स्टुडिओतील कामाची पद्धतही उलगडते. कॅमेऱ्याच्या तोंडाशी एक फिरती चकती असे व तिच्यावर चार भिंगे बसविलेली असत. एका भिंगातून सगळा देखावा दिसे, तर दुसऱ्यातून केवळ एक पान किंवा त्यावरील एक किडा. मागची मूठ फिरवून भिंग बदलावे लागे. परंतु चकती फिरत असता चित्र हेलकावे खाई. म्हणून तेवढा वेळ प्रेक्षकांना दुसऱ्या कॅमेऱ्याचे चित्र दाखवीत. स्टुडिओत दोन-तीन कॅमेरे ठेवण्याचे एक कारण हे होते. एका बाजूस काचेआड नियंत्रण कक्ष असे. तेथे निर्माता प्रत्येक कॅमेऱ्याचे चित्र निरनिराळ्या पडद्यांवर पाही व कोणते चित्र बाहेर जावयाचे ते सांगे. ज्याचे चित्र बाहेर जात असे, त्या कॅमेऱ्यावर तांबडा दिवा लागे. कॅमेरे गडगडून चित्र हलू नये म्हणून जमीन गुळगुळीत करीत.

आणि हे सर्व चालू घटकेस होई. चूक झाली तर ती सर्वांना दिसे. कार्यक्रम जपून ठेवावयाचा झाल्यास पडद्यावरील चित्राचीच फिल्म काढावी लागे व ती पुष्कळ फिकी येई. एप्रिल १९५६ मध्ये अँपेक्स या अमेरिकन कंपनीने शिकागो येथे चित्रफितीचे यंत्र दाखविले. २ इंच रुंद फीत, आणि तिच्यावरून मिनिटास १४,४०० फेरे घेणारे चार चुंबकीय शीर्षांचे चाक, अशी त्याची रचना होती. यंत्र कपाटाएवढे व फीत अतिशय महाग. म्हणून जुने कार्यक्रम पुसून त्याच फितीवर नवे घेत. अनेक देशांतील त्या काळचे कित्येक कार्यक्रम आज पाहावयास मिळत नाहीत, ते यामुळेच.

आपल्याकडील प्रयोग

भारतात दूरचित्रवाणीचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्ली येथे झाला. आकाशवाणी भवनात तात्पुरता उभारलेला छोटा स्टुडिओ, अल्प शक्तीचा प्रक्षेपक आणि ‘टेलिक्लब’ नावाची प्रेक्षक मंडळे, एवढ्यावर काम सुरू झाले. युनेस्कोने त्यास साह्य केले. एकत्र बसून पाहावे व मग चर्चा करावी, ही या मंडळांची रीत आपल्या महाराष्ट्रास अनोळखी नव्हती. १९५६ साली पुणे आकाशवाणी केंद्राने युनेस्कोच्याच साह्याने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या ५ जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग केला होता. ऐकावे, चर्चा करावी आणि कृती करावी, असे त्याचे सूत्र होते. मंडळांनी विचारलेले प्रश्न केंद्राकडे जात व त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांत मिळत. रेडिओवर शेतकऱ्याला परत बोलता येते, हे पुण्याच्या प्रयोगाने दाखवून दिले.

खास शेतकऱ्यांसाठी ‘कृषिदर्शन’ हा कार्यक्रम २६ जानेवारी १९६७ रोजी सुरू झाला. डॉ. विक्रम साराभाई यांच्या पुढाकाराने दिल्लीच्या आसपासच्या ८० गावांत सार्वजनिक संच बसविण्यात आले. तज्ज्ञ स्टुडिओत येऊन सांगत आणि गावकरी संचासमोर जमून पाहत. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले व मराठी शेतकऱ्यांना ‘आमची माती, आमची माणसं’ हा आपला कार्यक्रम लाभला. त्याचे नाव आजही जुन्या मंडळींच्या तोंडी आहे.

त्यानंतर १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात उपग्रहाचा मोठा प्रयोग झाला. अमेरिकेच्या ए.टी.एस.-६ या उपग्रहावरून आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा व राजस्थान या राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांना थेट कार्यक्रम मिळू लागले. कोंबड्यांच्या खुराड्यास लावतात तशा तारेच्या जाळीची, सुमारे ३ मीटर व्यासाची छत्री त्यासाठी गावोगाव उभारली गेली. एका चित्राबरोबर दोन भाषांतील ध्वनी पाठविता येत असे. योजना थोर होती, यात शंका नाही. परंतु भाषा दोन झाल्या तरी चित्र एकच राहिले. काळ्या कसदार रानातील शेतकरी आणि मुरमाड माळावरचा शेतकरी यांना एकच शेत दाखविले, तर त्यांतील एकजण तरी ‘हे आपल्या कामाचे नाही’ असे म्हणणारच.

या प्रश्नास सर्वांत चांगले उत्तर गुजरातमधील खेडा जिल्ह्याने दिले, असे आमचे मत आहे. तेथील पीज या गावी १९७५ साली अल्प शक्तीचा प्रक्षेपक बसला व अहमदाबाद येथील भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या स्टुडिओत त्यासाठी कार्यक्रम होऊ लागले. क्षेत्र जिल्ह्यापुरते, भाषा तेथील लोकांच्या बोलीची. तोपर्यंत हातात धरता येईल असा कॅमेरा व खांद्याला अडकविता येईल असे चित्रफितीचे यंत्र निघाले होते. ते घेऊन कार्यकर्ते गावात जात. शेतमजूर, स्त्रिया, लहान शेतकरी आपली गाऱ्हाणी आपल्या घरापुढे बसून सांगत. दिव्यांच्या झोतात, परक्या खुर्चीवर बसविलेला मनुष्य जे बोलण्यास धजत नाही, ते तो आपल्या ओट्यावर बोलतो. कॅमेरा हलका झाल्याने केवळ चित्र बदलले नाही, बोलणारा बदलला. १९८४ साली या कार्यास युनेस्कोचा ग्रामीण संज्ञापनाचा पुरस्कार मिळाला आणि १९८५ साली, लोकांचा विरोध असतानाही, पीज केंद्र बंद करण्यात आले. याचे समाधानकारक समर्थन आम्हांस तरी दिसत नाही.

आजची सोय

कॅमेऱ्यातील काचेच्या नळ्या गेल्या, फिती गेल्या. कपाटाएवढ्या यंत्राचे काम आता ग्रामसेवकाच्या खिशातील मोबाइल करतो. तथापि जुन्या निर्मात्यांनी कष्टाने शिकलेल्या काही गोष्टी अजून तशाच लागू आहेत. चित्रण करताना सूर्य आपल्या पाठीशी असावा. बोलणाऱ्याच्या पाठीशी ऊन असेल तर त्याचा चेहरा काळा पडतो. प्रथम सगळे शेत दाखवावे, मग एक झाड, मग पान. आणि प्रत्येक ठिकाणी मनात पाच अंक मोजेपर्यंत हात स्थिर ठेवावा. वारा वाहत असेल तर बोलणाऱ्याच्या अगदी जवळ जावे, अन्यथा वाऱ्याच्या घोंगाटात शब्द बुडतात. आरंभी गावाचे नाव, पिकाचा वाण, पेरणीची तारीख आणि जमिनीचा प्रकार स्वतः शेतकऱ्याकडून सांगवून घ्यावा, म्हणजे दुसऱ्या तालुक्यात पाहणाऱ्यास ते आपल्या रानाशी ताडून पाहता येते. कीड दाखवावयाची असल्यास पान उलटून त्याची खालची बाजू दाखविण्यास विसरू नये. मावा व पांढरी माशी बहुधा तेथेच असतात.