टेकणाची दांडी आणि गॅसचा दांडा

जवळा बाजारच्या रस्त्यालगत असलेल्या एका पत्र्याच्या गॅरेजात पन्नाशी ओलांडलेला एक पिकअप ट्रक उभा आहे. एके काळी त्यातून सरकीची पोती आणि हळद वाहिली गेली. आता मालक तो हौसेने जपतात. मागच्या मार्गशीर्षात या गाडीचे बॉनेट उघडून मिस्त्री कार्ब्युरेटर पाहत होते. बॉनेटला आधार देणारी लोखंडी दांडी खाचेतून निसटली आणि जाड पत्र्याचे ते झाकण त्यांच्या मनगटावर आले. हाड वाचले, पण दोन आठवडे त्यांना पान्हा धरता आला नाही. त्यानंतर मालकांनी ठरवले की नव्या मोटारींच्या डिकीला असतात तसे गॅसचे दांडे, म्हणजे गॅस स्ट्रट, या बॉनेटला बसवायचे. काम सोपे वाटले होते. ते दोनदा फसले आणि तिसऱ्यांदा जमले. का फसले आणि का जमले, हे समजून घेण्यासाठी हा लेख.

आधी जुन्या बॉनेटांविषयी. आरंभीच्या मोटारी-ट्रकांचे बॉनेट मधोमध बिजागरी असलेले, दोन्ही बाजूंनी पंखासारखे उचलायचे असे. एका पंखाचे वजन थोडे, त्यामुळे आधाराचा प्रश्न फारसा नव्हता. पुढे मागच्या काचेजवळ बिजागरी असलेले, सुसरीच्या जबड्यासारखे उघडणारे एकसंध बॉनेट आले. आपल्याकडे वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज, डी सोटो, फार्गो या नावांचे ट्रक बाहेर पडले आणि महाराष्ट्राच्या बाजारपेठांत वर्षानुवर्षे राबले. महिंद्रांनी आणलेल्या विलीज जीपचे बॉनेट तर पूर्ण मागे उलटून काचेच्या चौकटीवरच टेके. ज्यांचे बॉनेट असे उलटत नसे, त्यांना एक तर दांडीचे टेकण होते, नाहीतर बिजागरीलाच जाड स्प्रिंगा जोडलेल्या असत. त्या स्प्रिंगा गंजून ढिल्या पडल्या, की पुन्हा दांडीच. गॅसचे दांडे जर्मनीत 1960च्या दशकात मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले. तेव्हा आपल्या जुन्या ट्रकांच्या रचनेत त्यांचा विचार झालेलाच नव्हता. म्हणून ते नंतर बसवायचे तर जागा, जोर आणि दिशा आपल्यालाच ठरवावी लागते.

नळीच्या आत काय असते?

बंद पोलादी नळीत दाबाखाली भरलेला नायट्रोजन, थोडे तेल, एक दट्ट्या आणि त्याला जोडलेली गुळगुळीत दांडी. दट्ट्याला बारीक छिद्र असते, त्यामुळे गॅस दोन्ही बाजूंना जाऊ शकतो आणि दाब दोन्हीकडे सारखाच राहतो. मग जोर येतो कुठून? दट्ट्याच्या एका बाजूला पूर्ण क्षेत्रफळावर दाब पडतो. दुसऱ्या बाजूला दांडी असल्याने तेवढी जागा कमी होते. हा फरक दांडीच्या जाडीएवढाच असतो, आणि तोच दांडीला बाहेर ढकलतो. दांडी 8 मिलिमीटर जाडीची असेल, तर तिचे क्षेत्रफळ सुमारे 50 चौरस मिलिमीटर. 200 न्यूटन, म्हणजे साधारण 20 किलोचा जोर हवा, तर आतला दाब सुमारे 40 बार लागतो. मोटारीच्या चाकात साधारण 2.2 बार हवा असते. त्याच्या 18 पट दाब या अंगठ्याएवढ्या जाड नळीत असतो. म्हणून जुना दांडा कापू नये, त्याला भोक पाडू नये, वेल्डिंग लावू नये, विस्तवात टाकू नये. भंगारात देतानाही हे सांगून द्यावे.

गॅस दाबला की त्याचा दाब वाढतो, हे रॉबर्ट बॉइलने 1662 साली मांडले होते. दांडी आत गेली की आतली जागा घटते आणि जोर वाढतो. नेहमीच्या दांड्यात पूर्ण मिटल्यावर तो सुमारे 30 टक्क्यांनी जास्त भरतो. म्हणजे नळीवर 200 न्यूटन लिहिले असेल, तर बॉनेट बंद असताना तोच दांडा सुमारे 260 न्यूटनने ढकलत असतो.

बैलगाडीचे गणित

पहिल्या प्रयत्नात मिस्त्रींनी भंगारातून एका मोटारीच्या डिकीचे दोन दांडे आणले. प्रत्येक 400 न्यूटनचा. ‘जड बॉनेटला दमदार दांडा’ हा विचार. बॉनेट झपकन वर गेले, सगळे खूश झाले. दोन महिन्यांत बॉनेट मागे सरकले, काचेखालच्या पत्र्याला घासू लागले आणि बिजागरीचे पान वाकले.

चूक समजायला बैलगाडी आठवावी. माल आसाच्या मागे जास्त पडला की गाडी उलाळ होते, पुढे जास्त पडला की दाबजड होऊन बैलांच्या मानेवर भार येतो. पोती तीच, फक्त आसापासूनचे अंतर बदलले. बॉनेटचा आस म्हणजे बिजागरी. वजन किती, याइतकेच ते बिजागरीपासून किती दूर आहे, हे महत्त्वाचे.

हे मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. आम्ही लटकवायचा काटा बॉनेटच्या पुढच्या कडेला अडकवला आणि कड जरा उचलली. काट्याने 10 किलो दाखवले. बिजागरीपासून कडेचे अंतर 120 सेंटीमीटर. गुणाकार 1200. बॉनेट खाली खेचणारा हा वजनाचा फेर. बॉनेट 60 अंश उघडले की वजन बिजागरीच्या जवळ येते आणि फेर निम्मा, म्हणजे 600 होतो. दांड्यांनी उघड्या बॉनेटला पेलायचे तर एवढा फेर त्यांनी उलट दिशेने द्यायला हवा.

दांड्याचा फेर काढताना त्याची लांबी मोजायची नसते. बिजागरीपासून दांड्याच्या रेषेवर टाकलेले लंबांतर मोजायचे. आमच्या मांडणीत दांड्याचे वरचे टोक बॉनेटवर बिजागरीपासून 22 सेंटीमीटरवर आणि खालचे टोक मडगार्डच्या आतल्या कडेवर, बिजागरीच्या 55 सेंटीमीटर पुढे व 3 सेंटीमीटर खाली आले. उघड्या स्थितीत लंबांतर 22 सेंटीमीटर आणि बंद स्थितीत फक्त 2. दांडा मिटल्यावर 33 सेंटीमीटर, उघडल्यावर 49. हे सगळे आधी जाड पुठ्ठ्यावर, टाचण्या लावून करून पाहिले. पुठ्ठा वाया गेला तर रुपया जात नाही. पत्र्याला भोक पडले की ते कायमचे राहते.

आता 400 न्यूटनचे दांडे पाहा. उघड्या स्थितीत दोघांचा फेर जवळपास 1800, म्हणजे गरजेच्या तिप्पट. खरी हानी मात्र बॉनेट बंद असताना झाली. तेव्हा दांडे जवळजवळ बिजागरीच्याच रेषेत आडवे असतात. त्यांचा जोर बॉनेट उचलण्यात खर्च होत नाही, तो सरळ बिजागरीवर मागे ढकलला जातो. 400 न्यूटनच्या जोडीने बंद बॉनेटखाली सुमारे 106 किलोचा रेटा रात्रंदिवस दिला. पन्नास वर्षे झिजलेल्या पानाला तो झेपला नाही.

दुसऱ्या खेपेस हिशेब करून 150 न्यूटनची नवी जोडी घेतली. उघड्या स्थितीत फेर सुमारे 670, गरज 600. कागदावर बरोबर. बॉनेट उभे राहिलेही. पण कोपर लागून ते थोडेसे, 55 अंशांच्या खाली आले की स्वतःच्याच वजनाने खाली येऊ लागे. टेकण असल्याचा भास आणि टेकण नाही, ही स्थिती दांडीपेक्षा वाईट. कारण दांडी लावताना माणूस सावध असतो.

तिसऱ्या खेपेस 200 न्यूटनची जोडी लावली. उघड्या स्थितीत फेर सुमारे 900. बॉनेट 40 अंशांच्या वर स्वतःहून चढते आणि बंद करायला कडेवर अडीच किलोचा दाब पुरतो. बंद स्थितीत बिजागरीवरचा रेटा सुमारे 53 किलो, आधीच्या निम्मा. नवे पान बसवल्यावर तो त्याला सोसतो. एक गोष्ट मालकांना आधीच सांगितली होती: सुरुवातीची उचल हलकी होणार नाही. बंद बॉनेटची कड उचलायला आधी 10 किलो लागत, आता 9 लागतात. निम्मे उघडल्यावर मात्र हाताला दीड-पावणेदोन किलोच जाणवते. बंद बॉनेट वजनानेच बंद राहावे, हेच योग्य. खड्ड्यात कुलूप निसटले, तर जोरदार दांड्याने ते काचेवर उलटायला नको.

मराठवाड्याची हवा

दांड्यावर छापलेला जोर 20 अंश सेल्सिअस तापमानाचा असतो. गॅस तापला की दाब वाढतो, निवला की घटतो, आणि हे प्रमाण उणे 273 अंशांपासून मोजायचे. त्या हिशेबाने थंडीतल्या 10 अंशांच्या पहाटे जोर साडेतीन टक्क्यांनी कमी भरतो, तर मे महिन्यातल्या 43 अंशांत आठ टक्क्यांनी जास्त. तापलेल्या इंजिनाजवळ दांडा 80 अंशांपर्यंत गेला, तर 20 टक्क्यांनी जास्त. म्हणजे बिजागरीची कसोटी उन्हाळ्यात लागते आणि माणसाची थंडीत. एरवी जेमतेम पेलणारा जुना दांडा पौषातल्या सकाळी हार मानतो. साडेतीन टक्के म्हणजे काहीच नाही, असे नव्या दांड्याबाबत म्हणता येईल. वर्षानुवर्षे सीलमधून थोडा थोडा गॅस निसटत गेलेल्या दांड्याला तेवढेच पुरते.

म्हणून बसवताना काही पथ्ये पाळावीत. दांडीचे टोक खाली, नळी वर. त्यामुळे तेल सीलपाशी राहते, सील सुकत नाही आणि उघडण्याच्या शेवटी गती मंदावते. दांडीला ग्रीस लावू नये, काळ्या मातीची धूळ तिला चिकटून सील खरवडते. कोरड्या मऊ फडक्याने पुसणे पुरेसे. शेजारी वेल्डिंग चालू असेल तर दांडे आधी काढून ठेवावेत. एका ठिणगीचा चट्टा दांडीवर पडला तरी सील फाटते. सायलेन्सरच्या पाइपापासून दूर ठेवावेत. एक बिघडला तरी बदलताना जोडीच बदलावी, नाहीतर बॉनेट पिळवटते. पत्रा जिथे पातळ आहे तिथे मागून पट्टी देऊन जोर पसरवावा.

मूळपणाचा प्रश्न

जुनी गाडी जपणाऱ्याला आणखी एक विचार करावा लागतो. जुलै 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज वाहनांसाठी वेगळी तरतूद आली. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे उलटलेली, व्यावसायिक वापर नसलेली दुचाकी-चारचाकी वाहने तिच्यात बसतात. चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी अट आहे. नोंदणी 10 वर्षांची असते, आणि अशी गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती यांपुरतीच तिची मुभा. दोन गॅसचे दांडे हा काही मोठा फेरफार नव्हे. पण त्यासाठी मडगार्ड कापले, कंस वेल्ड केले, तर मूळ पत्रा परत आणता येत नाही. आम्ही मडगार्डला आणि बॉनेटच्या आतल्या पट्टीला कारखान्यानेच पाडलेली बोल्टची भोके वापरली, कंस त्याच बोल्टांखाली दाबले. उद्या कुणाला गाडी होती तशी हवी असेल, तर चार बोल्ट सोडवले की झाले.

गॅसचा दांडा कधी थकला ते बाहेरून दिसत नाही. त्याला ना गंज चढतो, ना तो वाकतो. एखाद्या सकाळी तो फक्त पेलत नाही. म्हणून लोखंडी दांडी काढून टाकलेली नाही, फक्त तिची खाच नवी, खोल करून घेतली. बॉनेट वर गेले तरी कार्ब्युरेटरजवळ हात घालण्याआधी मिस्त्री ती लावतात. थंडी पडली की पहिल्या सकाळी ते बॉनेट उघडून, दांडी न लावता, बाजूला उभे राहून पाच मिनिटे पाहतात. ते जागचे हलले नाही, तरच कामाला हात लावतात.